हस्तिदंती चमच्याचं काय करायचं? : लखनौ ते कोकण, एक आढावा

लखनौच्या दक्षिणेला, रायबरेली रस्त्यावर तेलीबाग आहे. एका अंगाला लष्करी छावणी, पुढे संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्था. त्यामुळे इथे बदल्यांबरोबर देश पालथा घातलेल्या कुटुंबांची वस्ती बरीच. मराठी माणसाला हे शहर परकं नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी 1926 मध्ये इथेच मॅरिस कॉलेज हे संगीत महाविद्यालय उभं केलं आणि श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते वाढवलं. लखनौत काही वर्षं राहून परतणारी मंडळी चिकनचे कुडते नेतात, अत्तर नेतात आणि पुष्कळदा एखादी पांढरी जाळीदार वस्तूही नेतात. ती कधी कंगवा असते, कधी कागद कापायची सुरी, कधी चमच्यांची जोडी. काही वर्षांनी कपाट आवरताना कुणीतरी विचारतं, हा चमचा हस्तिदंती आहे का? असेल तर ठेवावा, विकावा की देऊन टाकावा?

प्रश्न एका चमच्याचा वाटतो, पण त्यात स्वयंपाकघराचं रसायन आहे, चार खंडांचा व्यापार आहे, हत्तींची कत्तल आहे, कायदा आहे आणि आजही मान खाली घालून कानस चालवणारे कारागीर आहेत. हे सगळं एकत्र मांडलं, तर उत्तर देणं सोपं जातं.

धातू असताना हाड-शिंग कशाला?

नैसर्गिक पदार्थांचे चमचे ही श्रीमंती हौस होती, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. त्यांची सुरुवात गरजेतून झाली. चांदीचा चमचा उकडलेल्या अंड्याला लावला की अंड्यातल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन चमच्यावर काळा थर चढतो आणि चवही बिघडते. म्हणून युरोपातल्या चांदीच्या ताटवाट्यांच्या घरांतही अंड्यासाठी हाडाचा, शिंगाचा किंवा शिंपल्याचा चमचा वेगळा असे. मोहरीची चटणी, मीठ, माशाची खारवलेली अंडी यांनाही हाच नियम. आपल्याकडे अडचण आंबटाची. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आमसूल किंवा चिंच घातलेलं कालवण कळकतं. कोकणातल्या मातीच्या मडक्यात त्यामुळे धातूचा डाव जात नसे. तिथे डवली चाले. अर्धी करवंटी घासून गुळगुळीत करायची, काठाजवळ दोन भोकं पाडायची आणि त्यांतून बांबूची काठी आरपार घालायची. ती आंबटाला दाद देत नाही, मडक्याला ओरखडा पाडत नाही, चुलीजवळ राहूनही हाताला चटका देत नाही. खोबरं खाऊन उरलेल्या वस्तूचं याहून नेटकं रूप सापडणं अवघड आहे.

ही समज फार जुनी आहे. हडप्पा संस्कृतीचे लोक समुद्री शंख कापून त्यांच्या पळ्या करत. कच्छच्या आखाताकाठी, गुजरातेतल्या नागेश्वर इथे शंखांच्या बांगड्या आणि पळ्या घडवण्याची वसाहतच उत्खननात मिळाली. काटेरी शंखाची फुगीर बाजू म्हणजे निसर्गाने दिलेली वाटी आणि तिच्याच शेपटाकडून निघणारा दांडा. कारागिराने फक्त नको तेवढा भाग काढून टाकायचा.

वैदिक यज्ञातल्या पळ्याही धातूच्या नाहीत, लाकडाच्या आहेत. त्यांत प्रत्येकीचं झाड ठरलेलं आहे. जुहू पळसाची, उपभृत पिंपळाची, ध्रुवा विकंकताची, स्रुव खैराचा. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने अशा यज्ञपात्रांचा संग्रह जपला आहे. तो पाहताना लक्षात येतं की वस्तू कोणत्या कामाची आणि ती कोणत्या पदार्थाची करायची, हे दोन्ही निर्णय आपल्या पूर्वजांनी एकत्रच घेतले होते.

नक्षी कुठून कुठे गेली

गरज भागली की हात नक्षीकडे वळतो. प्राचीन इजिप्तमध्ये लाकूड आणि हस्तिदंत यांतून पोहणाऱ्या मुलीच्या आकाराचे चमचे घडवले गेले. पसरलेल्या हातांत तिने धरलेलं भांडं म्हणजे चमच्याची वाटी. पश्चिम आफ्रिकेतल्या दान लोकांत गावातल्या सर्वांत आतिथ्यशील बाईला कोरीव लाकडी पळी मानाने दिली जाई. गावजेवणात पंगतीला वाढायचा अधिकार तिचा. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे हैदा लोक डोंगरी मेंढ्याचं शिंग वाफवून साच्यात दाबून त्याची वाटी करत आणि डोंगरी बकऱ्याच्या काळ्या शिंगाच्या दांड्यावर आपल्या कुळाची प्राणिचिन्हं एकावर एक कोरत.

हस्तिदंती चमच्यांची मोठी गोष्ट सुरू होते ती पोर्तुगीजांपासून. पंधराव्या शतकात पोर्तुगीज जहाजं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर थांबू लागली. सिएरा लिओनचे सापी कारागीर आणि बेनिनच्या राज्यातले कारागीर यांच्याकडून पोर्तुगीज मिठाची पात्रं, शिकारीची शिंगं आणि चमचे करून घेत. चमच्याचा आकार युरोपी गिऱ्हाइकाला हवा तसा, दांड्यावरचे साप, मगरी, पक्षी मात्र आफ्रिकेचे. वाटी इतकी पातळ की उजेडाला धरली तर पलीकडची बोटं दिसावीत. लिस्बनच्या जकातीच्या नोंदींत सोळाव्या शतकाच्या आरंभीच हे चमचे आढळतात. पुढे ते युरोपातल्या सरदारांच्या अद्भुत वस्तूंच्या कपाटांत जाऊन बसले. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने नेदरलंड्सच्या प्रवासात दोन हस्तिदंती मिठाची पात्रं घेतली आणि आपल्या रोजनिशीत ती कालिकतची असल्याचं लिहिलं. आजच्या अभ्यासकांच्या मते ती आफ्रिकेची असण्याची शक्यता अधिक. त्या काळी युरोपला आफ्रिका आणि मलबार यांतला फरक कळत नव्हता. समुद्रापलीकडून आलेली प्रत्येक सुंदर वस्तू त्यांच्या लेखी हिंदुस्थानचीच.

हिंदुस्थान आणि श्रीलंका यांचा वाटाही मोठा होता. श्रीलंकेतल्या कोट्टे राज्यातून हस्तिदंती पेट्या आणि सोन्या-माणकांत मढवलेले स्फटिकाचे चमचे पोर्तुगालच्या दरबारात गेले. गुजरातेत शिंपल्याचे तुकडे पितळी खिळ्यांनी जोडून ताटल्या, पेले, चमचे बनत आणि पोर्तुगीज जहाजांतून बाहेर जात. खंबायतला अकीक कापला जाई. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोसा याने खंबायतच्या हस्तिदंती बांगड्या, खंजिरांच्या मुठी आणि बुद्धिबळाच्या सोंगट्या यांची नोंद केली आहे. गोवा ही या साऱ्या मालाची वखारही होती आणि पेठही. जुन्या गोव्याच्या ख्रिस्ती कला संग्रहालयात हस्तिदंती मूर्ती आजही पाहता येतात. मोगलांचा कल रत्नांकडे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला सोन्याचा मोगल चमचा माणकं, पाचू आणि हिऱ्यांनी भरलेला आहे.

लखनौशी अधिक जवळचा धागा मात्र इराणचा. इराणातल्या आबादे गावचे कारागीर नासपतीच्या आणि इतर घट्ट लाकडांतून सरबताच्या पळ्या कोरत. वाटी कागदासारखी पातळ, दांडा जाळीचा. सरबताच्या मोठ्या कटोऱ्यात ती तरंगत ठेवायची आणि तिनेच ओठाला लावायचं. डाळिंब आणि लिंबू यांच्या आंबटाला लाकूडच योग्य. इस्तंबूलच्या उस्मानी दरबारात याच कामासाठी कासवाच्या पाठीची वाटी आणि पोवळं किंवा हस्तिदंताचा दांडा असे. अवधचे पहिले नवाब सआदत खान बुऱ्हान-उल-मुल्क इराणातल्या निशापूरहून आलेल्या घराण्यातले. त्यांच्या वारसांच्या काळात लखनौच्या दस्तरखानावर आणि सरबतखान्यात इराणी वळण दिसत राहिलं. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यातल्या उदयगिरीला आजही लाकडाचे कोरीव चमचे होतात. त्यांतही फारसी नक्षीची छाप ओळखता येते.

आपल्या मुलखातला हस्तिदंत

महाराष्ट्राचा या कलेशी असलेला संबंध पुष्कळांना ठाऊक नसतो. शेजारच्या मध्य प्रदेशात, सांचीच्या दक्षिण तोरणावर, विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी शिल्पकाम केल्याचा लेख आहे. दगडावर दिसणारी ती बारकाई आधी हस्तिदंतावर कमावलेली होती. 1938 मध्ये पाँपेई इथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. व्हेसुव्हियसच्या राखेखाली इसवी सन 79 पासून गाडली गेलेली ही मूर्ती भारतीय आहे. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या मूर्ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या. सातवाहन काळात मराठवाड्यातल्या कारागिरांची करवत रोमन बाजाराला ओळखीची होती, असं मानायला त्यामुळे जागा आहे. तेरची मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. तुळजापूरला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून ती जरूर पाहावी.

पुढच्या काळात मुंबई बंदर हस्तिदंताची मोठी पेठ झालं. झांजीबार आणि मोझांबिककडून आफ्रिकी दात इथे उतरत. काही राजस्थान-गुजरातेतल्या लग्नाच्या चुड्यांसाठी जात, काही पुन्हा युरोपला रवाना होत. आपल्याकडच्या हत्तींत दात असतात ते नरांनाच, तेही सगळ्यांना नव्हेत. आफ्रिकेत नर-मादी दोघांनाही असतात. त्यामुळे मुर्शिदाबाद, दिल्ली, म्हैसूर, त्रावणकोर, विशाखापट्टण आणि लखनौ इथल्या कारागिरांपुढचा पांढरा तुकडा पुष्कळदा समुद्रापलीकडचा असे. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्रावणकोरच्या राजाने व्हिक्टोरिया राणीला दिलेलं हस्तिदंती सिंहासन गाजलं. त्यानंतर हिंदुस्थानी हस्तिदंती वस्तूंना साहेबी घरांत मागणी वाढली. कागद कापायच्या सुऱ्या, चमचे, काटे, छत्रीच्या मुठी यांचे घाट त्याच काळातले आहेत. आज जुन्या वस्तूंच्या पेटीत निघणारे बरेचसे हस्तिदंती चमचे अशा गिऱ्हाइकांसाठी केलेले असतात.

कोकणात गव्याच्या शिंगाचं काम चाले. विजयदुर्गचे सुतार गव्याच्या शिंगातून शोभेच्या वस्तू कोरत, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आहे. सावंतवाडीकडेही हे काम होतं. गवा आता संरक्षित प्राणी आहे, त्यामुळे ती कला थांबली आणि थांबणं योग्यच होतं. पण ते हात पुढे कुठे गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही, याचं वाईट वाटतं. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या औद्योगिक कलांच्या दालनात शिंगाच्या आणि हस्तिदंताच्या वस्तू आहेत. त्यांच्यापुढे जरा थांबून पाहिलं तर त्या कसबाचा अंदाज येतो.

हत्ती आणि कायदा

या सगळ्या सौंदर्याची किंमत हत्तींनी मोजली. आफ्रिकेत 1979 मध्ये सुमारे 13 लाख हत्ती होते, असा अंदाज होता. दहा वर्षांत ही संख्या 6 लाखांच्या आसपास आली. भारतात चोरटे शिकारी दातवाल्या नरांनाच टिपत गेले. केरळातल्या पेरियारच्या जंगलात 1980 च्या दशकाच्या अखेरीस एका प्रौढ नरामागे शंभराहून अधिक माद्या, अशी स्थिती झाली. अशा कळपात पिल्लं जन्मणार कशी?

भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 1977 मध्ये हत्ती त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आला. 1986 च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताची पळवाट 1991 च्या दुरुस्तीने बुजवली. त्याआधी 1989 मध्येच वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स करारानुसार आफ्रिकी हत्तीला सर्वोच्च संरक्षण मिळालं होतं. व्यापारी न्यायालयात गेले. 1997 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. मॅमथ हा हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला प्राणी, मग त्याच्या दाताला बंदी का, असाही युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कायद्यात हस्तिदंत म्हटलं की त्यात मॅमथचा दातही येतो. असं नसतं तर हत्तीचा दात मॅमथचा म्हणून खपवायला वेळ लागला नसता.

'पण माझा चमचा दीडशे वर्षांचा आहे' हे वाक्य इथे वारंवार ऐकू येतं. ब्रिटनच्या 2018 च्या हस्तिदंत कायद्यात जुन्या वस्तूंना काही मोजक्या सवलती आहेत. 1918 पूर्वीच्या असाधारण कलामूल्याच्या वस्तू किंवा 1947 पूर्वीच्या, 10 टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तू प्रमाणपत्र घेऊन किंवा नोंदणी करून विकता येतात. आपल्याकडे वयाची अशी सवलत नाही. वस्तू कितीही जुनी असो, हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे. किमान तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25 हजार रुपये दंड, अशी शिक्षा आहे. शिवाय शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते, म्हणून ती परदेशी नेताही येत नाही. हाच विचार कासवाच्या पाठीच्या चमच्याला आणि गव्याच्या किंवा सांबराच्या शिंगाला लागू होतो. चकचकीत नॉटिलस शिंपल्यालाही कायद्याचं संरक्षण आहे.

मला हा कायदा पटतो, पूर्ण पटतो. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात 2002 पासून कर्नाटकातून हत्ती येऊ लागले. महाराष्ट्राला कित्येक पिढ्यांनी हत्तींचा शेजार मिळाला. त्या शेजाराने शेतकऱ्याचं नुकसान होतं आणि त्याची भरपाई वेळेवर मिळायलाच हवी. पण त्यांतला एखादा टस्कर दातांसाठी मारला जावा, अशी किंमत कुठल्याच चमच्याला असू शकत नाही.

लखनौचे हात

बंदी आली तेव्हा लखनौच्या हस्तिदंत कारागिरांपुढे दोन वाटा होत्या, धंदा सोडायचा किंवा पदार्थ बदलायचा. अनेकांनी दुसरी वाट धरली. आज जुन्या लखनौत जे कोरीव काम होतं ते मुख्यतः म्हशीच्या आणि उंटाच्या हाडावर.

हे काम जवळून पाहिलं की त्यातली अडचण कळते. हत्तीचा दात बराचसा भरीव असतो. त्यातून खोल वाटीचा अख्खा चमचा एकसंध निघतो. हाड मधे पोकळ असतं आणि त्याची भिंत फार जाड नसते. कत्तलखान्यातून आलेलं हाड आधी आरीने दोन्ही टोकांना कापायचं, मज्जा काढायची, मग सोड्याच्या पाण्यात उकळून तेलकटपणा घालवायचा. चरबी राहिली तर वस्तू काही महिन्यांत पिवळी पडते आणि वास येतो. त्यानंतर हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं करून उन्हात वाळवायचं. मग पट्ट्या पाडायच्या. कोणत्या पट्टीतून वाटी निघेल आणि कोणतीतून दांडा, हे कारागीर नजरेने ठरवतो. वाटी हाडाच्या नैसर्गिक वळणाच्या जागेतून काढली तर कमी घासावी लागते आणि मजबूत राहते. दांड्यावर आधी पेन्सिलीने वेल काढायची, मग बर्म्याने भोकं पाडायची आणि बारीक कानशीने एकेक भोक वाढवत जाळी मोकळी करायची. लखनौची खूण ही जाळीच. तिच्यातली वेल इमामबाड्यांच्या गचकामातली, चिकनच्या कापडावरची. शेवटी खिळ्याने किंवा गोंदाने जोड बसवून काचकागद आणि पॉलिश. एखादी रेघ जास्त गेली की तुकडा फुकट. हाड पुन्हा जुळत नाही.

हे काम फुफ्फुसांना मारक आहे. हाडाची भुकटी हवेत तरंगत असते. कारखाने लहान, खेळती हवा कमी आणि मास्कची सवय नाही. कच्चा माल कत्तलखान्यांवर अवलंबून, त्यामुळे तिथे काही बदललं की इथली आरी थांबते. उत्तर प्रदेश सरकारने 2018 मध्ये 'एक जिल्हा एक उत्पादन' योजना आणली तेव्हा लखनौच्या वाट्याला चिकनकारी आणि जरी-जरदोजी आली. संभल जिल्ह्याची निवड शिंग आणि हाडाच्या वस्तूंसाठी झाली. तिथल्या सराय तरीनमध्ये शिंग तापवून, दाबून, घासून केलेले चमचे, वाढणी आणि बटणं परदेशी जातात. शिंग तापवलं की मऊ होतं आणि थंड झाल्यावर दिलेला आकार धरून ठेवतं. त्यामुळे तिथे मोठी वाटीही सहज निघते. संभलला मिळालेली ही ओळख चांगलीच झाली. लखनौच्या हाडकारागिरांनाही तशीच ओळख मिळायला हवी. दोघांचा पदार्थ जवळचा असला, तरी कसब वेगळं आहे.

हाड की हस्तिदंत?

कपाटातल्या चमच्याकडे परत येऊ. त्याची परीक्षा घरच्या घरी करता येते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि चमचा खिडकीच्या उजेडात धरा. हाडावर बारीक काळपट ठिपके आणि तुटक रेघा दिसतात. जिवंतपणी रक्तवाहिन्या जिथून जात त्या या वाटा. हस्तिदंतात त्या नसतात. दाताच्या आडव्या कापावर, म्हणजे पुष्कळदा दांड्याच्या टोकाला, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांचं जाळं दिसतं. दाताच्या बाहेरच्या कडेला या रेषा हत्तीच्या बाबतीत विशाल कोनात छेदतात, तर मॅमथच्या बाबतीत लघुकोनात. सेल्युलॉइडच्या नकलेत रेषा अगदी समांतर आणि सगळीकडे सारख्या असतात. निसर्ग इतका काटेकोर नसतो. शिंगात पापुद्र्यांसारखे थर असतात आणि पातळ कडेतून उजेड पार होतो.

तापवलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याने वस्तूला कायमची जखम होते आणि नेमकं उत्तरही मिळत नाही. पिवळसर रंगावरूनही वय ठरवू नका. नवं हाड चहाच्या पाण्यात भिजवून जुनं दिसेल असं करणं फार सोपं आहे. लखनौहून आणलेले जाळीदार चमचे बहुतेक हाडाचेच निघतात. तसं निघालं तर निराश होण्याचं कारण नाही. तुमच्याकडे कायद्याने निर्धोक आणि कारागिरीने अस्सल वस्तू आहे.

घरात खरा हस्तिदंत निघाला तर

वारशाने आलेली वस्तू घरात असणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही. पण वारसाने ती मिळाल्यापासून 90 दिवसांत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे जाहीर करणं बंधनकारक आहे. आजोबांच्या नावे मालकीचं प्रमाणपत्र असेल तर ते जपून ठेवा. अशी वस्तू विकता येत नाही आणि मोबदल्यात दुसऱ्याला देताही येत नाही. ठेवायची नसेल तर 2022 च्या दुरुस्तीने सोय केली आहे. मुख्य वन्यजीव रक्षकाला सात कामकाजाच्या दिवसांची पूर्वसूचना देऊन ती सरकारजमा करता येते. पैसे मिळत नाहीत, पण डोक्यावरचा भार उतरतो.

ठेवायची असेल तर नीट ठेवा. हस्तिदंत आणि हाड हवेतला ओलावा शोषतात आणि सोडतात. उन्हाच्या, दिव्याच्या किंवा वातानुकूलन यंत्राच्या थेट झोतात ठेवलं तर तडा जातो. पाण्यात बुडवू नका, साबण किंवा ब्लीच लावू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, तेवढं पुरे. शिंगाला किडा लागतो, म्हणून वर्षातून एक-दोनदा तपासा. वस्तू मोलाची असेल तर जाणकाराला दाखवा. लखनौच्या अलीगंजमध्ये सांस्कृतिक वस्तूंच्या जतनासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा 1976 पासून आहे. जतनाच्या शास्त्राची इतकी मोठी संस्था आणि हाडाच्या कोरीव कामाची इतकी जुनी परंपरा एकाच शहरात आहेत. त्यांची गाठ घालून देणं हे मोठंच काम ठरेल.

निष्कर्ष

सगळा आढावा घेतल्यावर मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. हस्तिदंती चमच्याची किंमत आपण चुकीच्या जागी लावत आलो. दात हत्तीचा होता आणि त्याला तो जगण्यासाठी हवा होता. त्यात माणसाची भर फक्त कसबाची. ते कसब म्हशीच्या हाडावर, शिंगावर, लाकडावर, करवंटीवर तितक्याच ताकदीने उतरतं, हे लखनौ, संभल, उदयगिरी आणि कोकण यांनी दाखवून दिलं आहे. बंदीमुळे कला मेली, ही तक्रार म्हणूनच मला मान्य नाही. कला मरते ती कारागिराला दाम आणि मान मिळेनासा झाल्यावर.

जुने हस्तिदंती चमचे संग्रहालयात असावेत आणि त्यांच्याखाली केवळ 'हस्तिदंत, एकोणिसावे शतक' अशी पाटी नसावी. चमचा कुठे झाला, कशासाठी झाला, त्यासाठी काय मोजावं लागलं, हेही लिहिलेलं असावं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने अडकित्ते, दिवे आणि स्वयंपाकघरातली भांडी जपून रोजच्या वस्तूंना इतिहासात जागा मिळवून दिली. त्याच मानाने करवंटीच्या डवल्या, शिंगाच्या पळ्या आणि हाडाचे चमचेही जमवले पाहिजेत. त्या आता घराघरांतून फेकल्या जात आहेत.

वाचकांना एवढीच विनंती. हस्तिदंती वस्तू कुणी विकत देऊ केली तर घेऊ नका, मग ती कितीही जुनी असल्याचं सांगितलेलं असो. घरात असेल तर तिची नोंद करा. आणि लखनौला गेलात तर हाडाचा चमचा हाडाचा म्हणूनच मागा, पावतीवर तसं लिहून घ्या आणि घासाघीस न करता त्याची पूर्ण किंमत द्या.